सुलेखन : एकाची लेखणी, संघाचे लेखन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



सुलेखन म्हटले की एकांतात बसलेला, मान खाली घातलेला, आपल्याच तंद्रीत रमलेला एखादा कलावंत डोळ्यांसमोर येतो. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. भारतातील हस्तलिखितांचा आणि त्यातही जैन हस्तलिखितांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. लेखणी एकाच्या हातात असली तरी लेखन हे नेहमीच अनेकांचे काम होते. कागद घोटणारा, ओळी आखणारा, लिहिणारा, लिहिलेले मूळ प्रतीशी ताडून पाहणारा, खर्च करणारा आणि शेवटी ती पोथी वेष्टनात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपणारा, अशी ती साखळी असे. या साखळीतील एक कडी निखळली की पोथी शिल्लक राहते, पण तिच्यातील ज्ञान मुके होते. सुलेखनाची मंडळे, वर्ग आणि उपक्रम यांचा विचार करताना हे सूत्र ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ओनामा

मराठी भाषेत कोणत्याही गोष्टीच्या प्रारंभाला ‘ओनामा’ म्हणतात. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे बोलीतील रूप आहे. पूर्वीच्या गावठी शाळेत मूल धूळपाटीवर बोट फिरवू लागले की त्याच्या तोंडी प्रथम हेच शब्द येत. सिद्धांना वंदन केल्यावाचून अक्षराला हात लावायचा नाही, अशी ही रीत होती आणि तिचा धर्मभेद कुणी मानला नाही. जुन्या जैन पोथ्यांच्या आरंभी नऊच्या आकड्यासारखे दिसणारे एक चिन्ह असते. गुजराती लेखक त्याला ‘भले मींडुं’ म्हणत. तेही मंगलवाचकच. अक्षर लिहिणे हे व्यवहाराचे काम असले तरी त्याच्या उंबरठ्यावर एक नमस्कार ठेवलेला होता.

‘कित्ता गिरवणे’ आणि ‘हरताळ फासणे’ हे वाक्प्रचारही लेखनशाळेतूनच घराघरांत आले. कित्ता म्हणजे गुरूने लिहून दिलेले वळण. हरताळ हे पिवळे खनिज. पोथीत चुकीचे अक्षर पडले की ते खरवडण्याऐवजी त्यावर हरताळेचा लेप देत आणि तो वाळल्यावर त्याच जागी बरोबर अक्षर लिहीत. जुन्या पानांवर असे पिवळे ठिपके आजही दिसतात. मराठी माणूस एखाद्याच्या कामावर हरताळ फासला गेला असे म्हणतो, तेव्हा तो नकळत लेखनिकांच्याच परिभाषेत बोलत असतो.

लेखनशाळेतील माणसे आणि साधने

गुजरात-राजस्थानात पोथ्या लिहिणाऱ्याला ‘लहिया’ म्हणत. कायस्थ, ब्राह्मण, भोजक अशा अनेक जातींचे लोक हा व्यवसाय करीत. साधू, साध्वी आणि श्रावकही लिहीत. मुनी पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी पाटण, जैसलमेर, अहमदाबाद येथील भांडारांत आयुष्य वेचले आणि जैन लेखनकलेवर गुजरातीत एक मूलगामी ग्रंथ लिहिला. लेखनाची साधने, शाईच्या कृती, लेखकांचे संकेत आणि शोधनाच्या खुणा यांची इतकी बारकाईने नोंद क्वचितच कुणी केली असेल.

त्या काळी तयारी मोठी असे. हातकागद खळीत बुडवून वाळवायचा आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे लेखणी अडत नाही व शाई पसरत नाही. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद यासाठी नावाजलेला होता. मग ओळी आखायच्या. एका फळीवर समान अंतराने दोरे ताणून चिकटवलेले असत. तिच्यावर कागद ठेवून बोटाने दाबला की ओळींचे ठसे उठत. शिसपेन नाही, पुसायचे नाही, तरीही ओळ सरळ. काळी शाई दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि हिराबोळ तासन्‌तास खलून करीत. लोखंड घालून केलेली शाई लवकर तयार होते, पण कालांतराने कागद खाते. म्हणून शास्त्रलेखनासाठी ती वर्ज्य मानत. लाल अक्षरांसाठी हिंगूळ आणि विशेष प्रतींसाठी सोन्या-चांदीची शाई असे. पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या काही प्रती सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या आहेत.

लेखणी म्हणजे बोरू. त्याच्या टोकाला तिरका काप दिला की आडवी, उभी आणि तिरपी रेघ आपोआप कमी-अधिक जाड येते. नागरी अक्षराचे सौंदर्य या कापात आहे. तो बिघडला की उत्तम हातही लंगडा पडतो. त्यामुळे लिहायला शिकण्याआधी बोरू तासायला शिकावे लागे.

पानाची मांडणी हीसुद्धा एक कला होती. ताडपत्रांना दोरी ओवण्यासाठी छिद्र पाडावे लागे. पुढे कागद आला आणि छिद्राची गरज संपली, तरीही लहियांनी पानाच्या मध्यभागी चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची मोकळी जागा सोडण्याची पद्धत चालू ठेवली. कित्येकदा तिच्यात लाल टिळा असतो. मूळ सूत्र मध्यभागी ठळक अक्षरांत, टीका वर-खाली बारीक अक्षरांत, तिला ‘त्रिपाठ’ म्हणत. टीका चारही बाजूंना असली तर ‘पंचपाठ’. वाचणाऱ्याला मूळ कोणते आणि विवरण कोणते हे नजर टाकताच कळावे, एवढाच त्यामागील हेतू होता.

लेखकाचे वेतन श्लोकांवर ठरे. ग्रंथ गद्य असो वा पद्य, बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून एकूण संख्या काढत आणि ती पोथीच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून नोंदवत. ही नोंद हिशेबाची होती, तशीच ग्रंथाच्या रक्षणाचीही होती. नवी प्रत त्या संख्येपेक्षा कमी भरली तर मजकूर गळाला आहे हे तत्काळ उघड होई.

पोथीच्या अखेरीस लेखक चार शब्द स्वतःचे लिहीत असे. पाठ, कंबर आणि मान दुखून आली आहे, नजर खिळवून मोठ्या कष्टाने हे लिहिले आहे, तरी पुत्राप्रमाणे याचे पालन करा. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याला जपा, अशी विनवणी शेकडो पोथ्यांतून आढळते. समोर जसे होते तसे उतरवले आहे, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्या माथी मारू नका, असेही तो सांगतो. या ओळी परंपरेने ठरून गेलेल्या असल्या तरी त्यांमागचा शारीरिक श्रम खरा होता.

दाते आणि भांडारी

लिहिणाऱ्याच्या पाठीशी लिहवून घेणारा उभा असे. दहाव्या शतकात कर्नाटकातील दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने कन्नड महाकवी पोन्न याच्या ‘शांतिपुराण’ ग्रंथाच्या एक हजार प्रती लिहवून त्यांचे दान केले, असे परंपरा सांगते. छापखाना नसलेल्या काळात हजार प्रती म्हणजे किती ताडपत्रे, किती हात आणि किती महिने, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. गुजरातेत राजा कुमारपालाने एकवीस ज्ञानभांडारे स्थापन केल्याचे उल्लेख प्रबंधांत येतात. सामान्य श्रावक-श्राविकांनी व्रताच्या उद्यापनानिमित्त, दिवंगत आई-वडिलांच्या स्मरणार्थ पोथ्या लिहवून साधूंना अर्पण केल्याच्या नोंदी तर अगणित आहेत. शास्त्रदान हे आहार, औषध आणि अभय यांच्या पंक्तीत बसवणाऱ्या समाजाला हे साहजिक होते.

जपणुकीचीही व्यवस्था होती. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते, श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी पावसाळा ओसरल्यावर. पोथ्या बाहेर काढणे, झटकणे, हवेशीर ठेवणे, कीड पाहणे, नवी वेष्टने बांधणे यांसाठी याहून योग्य दिवस सापडणार नाहीत. धर्मकृत्याच्या रूपाने समाजाने ग्रंथरक्षणाचे वेळापत्रकच स्वतःला घालून घेतले होते.

मूडबिद्रीची सव्वीस वर्षे

या साखळीचे सामर्थ्य आणि तिची नाजूकता या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत पाहायच्या असतील तर दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे जावे लागेल.

आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुफेत दिलेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी ‘षट्‌खंडागम’ रूपाने ग्रंथबद्ध केले. ते काम पूर्ण झाले तो दिवस म्हणजेच श्रुतपंचमी, अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी त्यावर ‘धवला’ ही टीका लिहिली. तिचे प्रमाण सुमारे ७२,००० श्लोक. ‘कसायपाहुड’ या ग्रंथावरील ‘जयधवला’ ही टीका वीरसेनांनी आरंभली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पूर्ण केली. तिचे प्रमाण सुमारे ६०,००० श्लोक. भूतबलींचा ‘महाबंध’ हा तिसरा महाग्रंथ. काळाच्या ओघात या ग्रंथांच्या प्राचीन ताडपत्री प्रती जुन्या कन्नड लिपीत मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत तेवढ्या उरल्या. तेथील धर्मबांधवांनी त्या प्राणापलीकडे जपल्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे. पण दर्शन घेणे वेगळे आणि वाचणे वेगळे. ती लिपी आणि ती प्राकृत भाषा जाणणारे पंडित बोटांवर मोजण्याइतके राहिले होते आणि ताडपत्रे दिवसेंदिवस जीर्ण होत होती.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेनिमित्त तेथे गेले. त्यांनी ती अवस्था पाहून सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळवले. ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू करणारे हिराचंदजी स्वतः मूडबिद्रीस गेले. त्यांनी श्रवणबेळगोळचे पंडित ब्रह्मसूरी शास्त्री यांच्याकडून ग्रंथाचा काही भाग वाचवून घेतला. शतकानुशतके वेष्टनात असलेले शब्द पुन्हा कानांवर पडले. त्यानंतर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार, विनवण्या आणि वर्गणी चालू राहिली. अखेर १८९६ च्या सुमारास प्रती उतरवण्याचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय लिहायला बसले. पुढे हे काम मुख्यत्वे गजपती उपाध्याय यांनी नेले. नागरी प्रतींबरोबरच स्थानिक पंडितांनी कन्नड प्रतीही तयार केल्या. ‘महाबंधा’ची नागरी प्रत पंडित लोकनाथ शास्त्री यांनी केली. तिन्ही ग्रंथ पुरे होईपर्यंत १९२२ साल उजाडले. म्हणजे एकूण सव्वीस वर्षे.

धवला आणि जयधवला मिळून १,३२,००० श्लोक. बत्तीस अक्षरांच्या हिशेबाने ती सुमारे ४२ लाख अक्षरे होतात. प्रत्येक अक्षर जुन्या लिपीतून ओळखायचे, मनात उच्चारायचे आणि दुसऱ्या लिपीत उतरवायचे. छायाचित्र काढून पुढे पाठवण्याची सोय नव्हती. त्या ग्रंथांचे भवितव्य थोड्या माणसांच्या डोळ्यांवर आणि मनगटांवर अवलंबून होते.

या कथेला एक अवघड वळण आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. प्रती बाहेर जाऊ नयेत अशी मूडबिद्रीच्या विश्वस्तांची भूमिका होती. गजपती उपाध्याय यांनी मात्र गुप्तपणे एक कन्नड प्रत स्वतःसाठी तयार केली. या कामात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा हात होता. ही प्रत घेऊन ते सोलापूरला आणि मुंबईला गेले, तेव्हा हिराचंदजी आणि माणिकचंदजी या दोघांनीही ती स्वीकारली नाही. ज्यांनी या कार्यासाठी इतकी वर्षे खर्ची घातली होती, त्यांनीच संमतीवाचून आलेली प्रत नाकारावी, यात त्यांचा विवेक दिसतो. पुढे ती सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तेथे विजयचंद्रय्या आणि सीताराम शास्त्री यांनी तिची नागरी प्रत केली. सीताराम शास्त्रींनी आपल्याजवळ ठेवलेल्या प्रतीवरून मग आरा, कारंजा, अमरावती आदी ठिकाणी प्रती पोहोचल्या.

उपाध्याय दांपत्याचे कृत्य योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मते होतील. संमतीवाचून केलेली प्रत ही विश्वासाची हानी आहे, हे मान्य करावे लागेल. आणि त्याच प्रतीच्या वंशातून ग्रंथ जगापुढे आला, हेही मान्य करावे लागेल. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. एका घरात ती लिपी वाचू आणि लिहू शकणारे दोन हात तयार होते, त्यांत एक हात स्त्रीचा होता, म्हणूनच हा प्रश्न उपस्थित होऊ शकला.

गळालेला शब्द

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद यांच्या दानातून ‘धवला’चे संपादन हाती घेतले. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांचे सहकारी होते आणि पंडित फूलचंद्र शास्त्री यांच्यासारखे विद्वान साहाय्याला होते. पहिला भाग १९३९ मध्ये आणि सोळावा भाग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

संपादकांपुढे अमरावती, कारंजा आणि आरा येथील प्रती होत्या. ताडपत्रावरून कन्नड, कन्नडवरून नागरी, नागरीवरून पुन्हा नागरी अशा त्या उतरत आलेल्या होत्या. प्रत्येक पायरीवर काही सांडले होते. नागरीत ‘च’ आणि ‘व’, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांसारखे दिसतात. ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीचा आरंभ एकाच शब्दाने झाला तर डोळा मधली ओळ चुकवतो. पहिल्या भागातील एका सूत्रात एक शब्द गळला असावा, असे संपादकांना अर्थसंगतीवरून वाटले. त्यांनी तो मूळ सूत्रात घुसवला नाही. ‘येथे अमुक शब्द राहिला असावा’ अशी नम्र टीप तळाशी दिली. त्यावरून समाजात मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीकरांच्या सहकार्याने ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यात आला, तेव्हा तो शब्द तेथे होता.

सुलेखन शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. सुंदर अक्षर काढणाऱ्या हातातूनही एक शब्द निसटतो. त्याने सूत्राचा अर्थ बदलतो आणि तो परत मिळवायला अर्थ जाणणारा संपादक, मूळ प्रत जपणारा भांडारी आणि ती जुनी लिपी वाचणारा पंडित असे तिघे लागतात. तिघांपैकी एक जरी नसता तरी तो शब्द कायमचा गेला असता.

लंडनमधील एक मंडळ

असाच अनुभव दूरदेशीही आला आहे. युरोपात छपाई रुळली आणि रुंद टोकाच्या लेखणीने लिहिण्याची जुनी विद्या लोप पावत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड जॉन्स्टन (१८७२–१९४४) हा तरुण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करू लागला. अक्षरांची जाडी-बारीक हाताच्या दाबाने येत नाही, लेखणीच्या कापाने आणि ती धरण्याच्या कोनाने येते, हे त्याने त्या पानांवरून शोधून काढले. आपल्याकडील बोरूवाल्या पंतोजीला जे ठाऊक होते ते तेथे नव्याने शोधावे लागले. १८९९ पासून त्याने वर्ग घेतले, १९०६ मध्ये पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९२१ मध्ये त्याच्या परंपरेतील विद्यार्थ्यांनी लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ स्क्राइब्ज अँड इल्युमिनेटर्स’ हे मंडळ स्थापन केले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ते वर्ग, प्रदर्शने आणि प्रकाशने चालवीत आहे.

जॉन्स्टनला एक सोय होती. त्याच्यासमोरची लिपी वाचता येणारे लोक शिल्लक होते. हात हरवला होता, डोळा हरवला नव्हता. म्हणून हात परत मिळाला.

आजची अवस्था

महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. कित्येक शतके येथील कारभार मोडी लिपीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक दुर्मीळ झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल जागच्या जागी आहेत. २०२३ मध्ये राज्यात जुन्या महसुली नोंदी तपासण्याची वेळ आली, तेव्हा मोडी वाचकांचा शोध घेत फिरावे लागले. कागद होता, अक्षर होते, वाचणारा नव्हता.

जैन पोथ्यांतही अशीच वळणे आहेत. जुन्या नागरीत ‘ए’ची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या रेघेने दाखवत. तिला पडिमात्रा किंवा पृष्ठमात्रा म्हणतात. ती ठाऊक नसलेला वाचक ती रेघ मागच्या अक्षराला जोडून टाकतो. शब्द सलग लिहिलेले असतात, त्यांत जागा सोडलेली नसते. गुजरातेतील कोबा येथील ज्ञानमंदिरात दोन लाखांहून अधिक हस्तलिखिते आहेत. केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या मोहिमेची घोषणा करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे योजले आहे. छायाचित्रे निघतील, सूची होतील. त्या छायाचित्रांसमोर बसून वाचणारी माणसे मात्र कोणतेही यंत्र आयते देणार नाही. यंत्राला लिपी शिकवायची झाली तरी आधी ती जाणणारा माणूस लागतो.

आशेला जागा आहे. प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी मुंबईत सुलेखनाचा अभ्यास अध्यापनाशी आणि संगणकाशी जोडला. असंख्य लोकांनी संगणकावर वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. टंकामागेही शेवटी बोरूचेच शिक्षण असते. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपली शैली घडवली आणि सुलेखनाचे वर्ग गावोगावच्या मुलांपर्यंत नेले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुजरातेत हातकागदावर, जुन्या पद्धतीच्या शाईने शास्त्रे लिहून घेण्याचे कामही पुन्हा सुरू झाले आहे.

गावातील सुलेखन मंडळाने काय करावे

प्रत्येक गावात जॉन्स्टन जन्मत नाही आणि प्रत्येक गावात धवलाची प्रत नसते. परंतु बहुतेक जुन्या मंदिरांत एखादे कपाट असते आणि त्यात वेष्टनात बांधलेल्या पोथ्या असतात. मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून एक तास दहा-बारा माणसे बोरू घेऊन बसली तरी पुष्कळ होते. मात्र त्या तासाला दिशा हवी.

पहिली गोष्ट, सुलेखनाच्या वर्गात केवळ सुंदर अक्षर शिकवू नये, जुने अक्षर वाचायलाही शिकवावे. पडिमात्रा, जुने जोडाक्षर, जुने आकडे, शोधनाच्या खुणा यांचा तक्ता भिंतीवर असावा. दुसरी गोष्ट, शिकाऊ हातांत मूळ पोथी कधीही देऊ नये. तिची स्वच्छ छायाचित्रे जाणकारांकडून काढून घ्यावीत आणि त्यांवरून कित्ता गिरवावा. पोथीला तेल, सुगंधी द्रव्य किंवा चिकटपट्टी लावू नये. फाटलेले पान हौसेने जोडण्यापेक्षा तसेच सपाट ठेवून तज्ज्ञाची वाट पाहणे बरे. तिसरी गोष्ट, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने मूळाशी ताडून पाहावे. चूक सापडली की ती सर्वांसमोर, पण न रागावता दाखवावी. पूर्वीचा शोधक हे काम करीत असे आणि त्याचे स्थान लेखकाहून कमी नव्हते.

चौथी गोष्ट, वर्गात आजोबा आणि नातवंडे एकत्र बसावीत. आजोबांना अर्थ कळतो आणि नातवंडाचा हात स्थिर असतो. मोडी, कन्नड किंवा जुनी नागरी वाचणारी एखादी वृद्ध व्यक्ती गावात असेल तर तिला सन्मानाने बोलावून तिच्याकडील विद्या उतरवून घ्यावी. लक्ष्मीबाईंचे उदाहरण समोर असताना भगिनींना या कामात केवळ रांगोळी आणि सजावटीपुरते ठेवणे हा करंटेपणा ठरेल. पाचवी गोष्ट, श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला पूजेबरोबर कपाट उघडावे, पोथ्या मोजाव्यात, नोंदवहीत प्रत्येकीचे नाव, पानांची संख्या, अवस्था आणि शेवटच्या पानावरील मजकूर लिहावा. ज्या भांडारात नोंद नाही तेथे काय हरवले हेही कळत नाही. कोणत्याही पोथीची प्रत बाहेर द्यायची असेल तर ती मालकांच्या संमतीने आणि लेखी नोंदीने द्यावी. मूडबिद्रीच्या इतिहासातून घ्यायचा हाही एक धडा आहे.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. बोरू, शाई, कागद आणि एक बैठक एवढेच लागते. अवघड आहे ते सातत्य. उत्साहाने सुरू झालेले वर्ग पाऊस, परीक्षा आणि लग्नसराई यांत बंद पडतात. अशा वेळी मूडबिद्रीची सव्वीस वर्षे आठवावीत. त्या लेखनिकांना आपल्या हयातीत ग्रंथ छापला जाईल याची शाश्वती नव्हती. ते रोज बसत, रोज लिहीत आणि पान संपले की पुढचे पान घेत.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेला इमारत, निधी आणि कार्यक्रम यांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. येत्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना त्यात आणखी एक रकाना असावा. आपल्या शास्त्रभांडारातील कोणतीही पोथी उघडली तर ती वाचू शकणारी किती माणसे गावात आहेत, हा तो रकाना. आज तो आकडा लहान असेल. तो दरवर्षी एकाने जरी वाढला तरी सुलेखन मंडळाचे काम सार्थकी लागले असे म्हणावे.

जय जिनेंद्र!